यंदा हळद पुरली

मालक गेल्यावर आमची जीप पाणी प्यायला लागली. भेटायला आलेल्या कुणीतरी म्हटलंही, "मुकं जनावर धन्यामागं झुरतं, मग गाडी का न्हाई झुरणार?" मनात आलं, गाडी झुरते तर झुरू दे, पण मी का झुरत नाही? असलं काही चारचौघांत बोलायची सोय नसते. बायका माझ्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या आणि मी त्यांच्या चहाच्या कपांकडे.

मला रडू आलं नाही. श्रावणात ते गेले तेव्हा नाही, तेराव्याला नाही, दिवाळीत भावानं फराळाचा डबा आणला तेव्हाही नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई मारतो, मग गालाला हात लावला तर हाताला कळतं, गालाला कळत नाही. तसं माझं सगळंच झालं होतं. गावात म्हणायला लागले, शीला दगडाची झाली. म्हणेनात का. दगडाला निदान सकाळी उठून चहा करावा लागत नाही.

ते कसे गेले, तेही सांगते. छातीत जळजळतंय असं ते बरेच दिवस म्हणायचे. जळजळलं की ओवा चावायचे, फारच झालं तर पाण्यात सोडा. मी म्हणायची, मंचरला जाऊन दाखवून येऊ. ते म्हणायचे, "सुगी झाली की जाऊ." त्या दिवशी गाडी धुतली, खाटेवर येऊन बसले आणि ओवा मागितला. मी बरणी घेऊन बाहेर आले तोवर सगळं संपलं होतं. बरणी हातात होती, झाकण दुसऱ्या हातात होतं. कुणीतरी ती काढून घेतली.

आमचा मळा खोडदला, दुर्बिणीच्या मोठ्या अँटेनांच्या पलीकडे. जीप जुनी आहे. आमचा आदेश शाळेत जायला लागला तेव्हा रखमाजींनी, म्हणजे आमच्या मालकांनी, ती घेतली. अंबाबाईची मजूर बायकांची टोळी सकाळी गाडीत भरायची, ज्याच्या रानात कांदा लावायचा असेल तिथं सोडायची आणि दिवस कलला की परत आणायची, हा आमचा धंदा. मला गाडी त्यांनीच शिकवली, पडीक रानात. शिकवताना त्यांनी इतक्या शिव्या घातल्या की नंतर रस्त्यावर कुणाच्या हॉर्नचं काही वाटेना. ते गेल्यावर महिन्याभरात मी गाडी काढली. लोकांना ते आवडलं नाही. अंबाबाईला आवडलं, कारण तिला यायचं होतं. रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस, आणि दिवस कलल्यावर त्या उसातून पायी यायची कुणाची छाती नाही. बिबट्या काही पाटी लावून बसत नाही.

म्हणजे गाडी आहे तोवर माझा धंदा आणि धंदा आहे तोवर माझं खोडद. आदेश चाकणला कंपनीत आहे, तिसऱ्या मजल्यावर राहतो. पोरगा चांगला आहे. आईला एकटी ठेवायची नाही, हे त्यानं बापाच्या दहाव्यालाच ठरवलं होतं. मी गाडीकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, "ही चालतीय तोवर मी हितंच." तो एकटाच चाकणला परत जायचा. पण गाडी पाणी प्यायला लागली तसा त्याला जोर आला.

सुरुवातीला दोन दिवसांनी तांब्याभर पाणी लागायचं. मी बोअरचंच घालायची, मालक घालायचे तसं. आदेश रविवारी आला, टोपण उघडून आत बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आई, बोअरचं पाणी घालून घालून तुमी दोघांनी गाडी मारली. कुलंट घालायचं असतं." तो नारायणगावच्या दुकानात गेला आणि तिथून फोन केला, "हिरवं हाय, गुलाबी हाय, निळं हाय. कोणतं आणू?" जणू साडी घ्यायला गेला होता. मी म्हटलं, हिरवं आण. मला हिरवं चालत नाही आता, निदान गाडीला तरी चालू दे. त्यानं फोन ठेवून दिला. असलं बोलायचं नसतं हे मला कळतं, पण कळून उपयोग काय.

हिरवं घातलं आणि गळती वाढली. आता दोन दिवसांचं पाणी एका खेपेला जायला लागलं. पाऊण गावानं गाडीखाली वाकून बघितलं, पण गळतंय कुठून ते कुणाला सापडेना. नळ्या कोरड्या, रेडिएटर कोरडा. इंजिनाच्या मागच्या अंगाला, जिथं हातही नीट पोचत नाही तिथं, नुसती ओल धरायची. आणि ती ओल लाल होती.

"हिरवं घातलं आन् लाल येतंय," आदेश म्हणाला. "म्हणजे आतून गंजलंय सगळं. आई, आता बास. मंचरचा एक भंगारवाला हाय, पुढच्या रविवारी त्याला बोलावतो. तुझं सामान बी बांधून ठेव."

"बरं," मी म्हटलं.

खरंच एवढंच म्हटलं. भांडायला हवं होतं. पूर्वीची मी असते तर त्याचं जेवणखाण बंद केलं असतं. त्या रात्री मी चाकणला न्यायचं म्हणून डबे काढायला लागले. हळदीचा मोठा डबा हाताला जड लागला. मी दर चैत्रात हळकुंडं दळून ठेवते आणि दरवर्षी दिवाळीच्या आत डबा खडखडतो. मालकांना विचारलं की म्हणायचे, "मी काय हळद खातो व्हय?" शेजारची प्रयागबाई वाटी घेऊन यायची, तिच्यावर माझा डोळा होता. यंदा मात्र मार्गशीर्ष आला तरी डबा निम्म्याच्या वर भरलेला. एक माणूस कमी झालं की हळदही पुरते, असं मनाशी म्हटलं आणि झाकण लावलं.

शनिवारी अंबाबाईला सुट्टी दिली आणि गाडी जुन्नरला काढली. भंगारात द्यायचीच, तर एकदा गॅरेजवाल्या दिलावरभाऊंना दाखवून द्यावी. मालक दुसऱ्या कुणाला गाडीला हात लावू देत नसत. आजारी माणसाला आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे एकदा न्यावं, इतकंच माझ्या मनात होतं. मागच्या सीटवर पाण्याचे कॅन भरून घेतले. नारायणगावात इंजिनाच्या तापाचा काटा वर चढला तशी गाडी बाजूला घेतली, निवू दिली, टोपणावर फडकं टाकून उघडलं, कॅन ओतला आणि पुढे निघाले. एक पोरगा मोटरसायकल थांबवून म्हणाला, "काकू, मदत करू का?" मी म्हटलं, "नको, सवय हाय." तो माझ्याकडे बघत बघत गेला.

दिलावरभाऊंचं गॅरेज पेठेच्या बाहेर आहे, मागे घर. मालकांचा आणि त्यांचा दोस्ताना जुना. मातीला ते आले होते. आदेशच्या मागे उभे होते आणि माझ्याकडे न बघताच गेले. आजही त्यांनी आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वहिनी, तुमी चालवत आणली?"

"मग काय ती मला चालवत आणंल?"

ते हसले नाहीत. बॉनेट उघडलं, आदेशचं भंगाराचं म्हणणं मी सांगितलं ते ऐकून घेतलं. मग खाली टब सरकवून रेडिएटरचा नळ सोडला. टबात लाल पाणी पडायला लागलं, तांबडं, खाली रेंदा बसणारं. दिलावरभाऊंनी त्यात बोट बुडवलं, चोळलं, उजेडात धरलं आणि बोट कापडाला पुसून टाकलं.

"खोटं नाय बोलणार वहिनी. हा गंज हाय. इतका गाळ म्हणजे इंजिन आतून खात आलं असणार. ह्याला खोलून बी उपयोग नाय. नवं इंजिन टाकण्यापरीस..." त्यांनी नळ बंद केला. "आदेश म्हणतोय तसं करा. देऊन टाका."

"बरं," मी म्हटलं.

म्हणजे चाकण. तिसरा मजला. अंबाबाईनं दुसरी गाडी बघायची, नाहीतर उसातून जीव मुठीत धरून यायचं. मी टबाजवळ उभी राहून हे सगळं एकेक करून मनात मांडलं आणि मला काहीच वाटलं नाही. उगीच खाली वाकून मीही त्या पाण्यात हात घातला. कशाला, ते माहीत नाही. जाणाऱ्याच्या अंगावरून हात फिरवतात, तसा फिरवला असेल.

तेवढ्यात हसीनाभाभी मागच्या दारातून आल्या. दिलावरभाऊंची बायको, बोलायला मोठी आणि मनाला मऊ. "आल्याबरोबर गाडीच बघत बसला व्हय? चला शीलाताई, दोन घास खाऊन घ्या. हात धुवा तिथं."

मोरीत साबणाची वडी होती. मी हाताला साबण लावला आणि थांबले.

बोटं लाल झाली. आधी तांबूस होती, साबण लागल्यावर पार कुंकवासारखी लाल. फेससुद्धा लाल. मी धुतलं, तर बोटांवर पिवळट राहिलं. पुन्हा साबण लावला, पुन्हा लाल.

हे मी जन्मभर बघत आले होते. पातळावर वरण सांडावं, डागाला साबण लावावा आणि पिवळा डाग लालभडक व्हावा. लग्नानंतर पहिल्यांदा मालकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर तसा डाग उमटला तेव्हा ते घाबरून म्हणाले होते, रक्त आलं का काय. मी हसून लोळले होते. गंजाला साबण लावला तर गंज गंजच राहतो. असा रंग बदलतं ते एकच.

मी बोटं नाकाशी नेली. वर साबणाचा वास, त्याच्या खाली तेलाचा, आणि त्याच्याही खाली माझ्या स्वयंपाकघराचा.

"हसीनाभाभी, लिंबू हाय का?"

"ताटात वाढलंय की. बसा तरी."

मी ताटातली लिंबाची फोड उचलली आणि तशीच गॅरेजमध्ये गेले. एका बशीत टबातलं लाल पाणी घेतलं आणि त्यावर लिंबू पिळलं. दिलावरभाऊ माझ्याकडे असे बघत होते की बाईचं डोकं फिरलं, आता आदेशला फोन करावा. बशीतलं पाणी थेंबाथेंबानं पिवळं होत गेलं आणि मग सगळंच पिवळं झालं.

"गंज न्हाई भाऊ," मी म्हटलं. "हळद हाय. कुलंट साबणासारखं असणार, त्यानं लाल केली."

दिलावरभाऊ जवळच्या टायरवर बसले. बशी हातात घेतली, वास घेतला. मग ती जपून खाली ठेवली.

"मीच सांगितलं व्हतं त्याला," ते म्हणाले. "लई वर्सं झाली. तळेघरच्या वाटेवर गाडी गळायला लागली, माणसं भरलेली, जवळ काय बी नाय. फोन केला मला. मी म्हणलं, कुणाच्या घरातनं मूठभर हळद घे आन् रेडिएटरला टाक. बारीक भोक आसलं तर बुजतं. पण ते गॅरेजपर्यंत यायला! एका दिवसापुरतं!"

"मग आले व्हते का गॅरेजला?"

"आला की. चहा पिऊन गेला. म्हणला, आता गळत नाय, कशाला खोलायची."

मला ते दृश्य डोळ्यांपुढे दिसलं. चहा पिणारा, मिशीतल्या मिशीत हसणारा, आता गळत नाय म्हणणारा माणूस. त्यानंतर दर थोड्या दिवसांनी, मी मळ्यात असताना किंवा धुणं धुवायला गेले असताना, तो माझ्या डब्यातून मूठभर हळद काढायचा. आणि वर मलाच विचारायचा, मी काय हळद खातो व्हय. गाडीचा रोग नवा नव्हताच. औषध घालणारा गेला म्हणून तो बाहेर आला, आणि आदेशच्या कुलंटानं आतली हळद धुवून काढली म्हणून वाढला.

"गंज नसंल तर मग गळतंय कुठनं?" हसीनाभाभींनी विचारलं. त्या ताट हातात घेऊनच आल्या होत्या.

दिलावरभाऊ उठले. माणूस एकदम दहा वर्षांनी लहान झाला. इंजिनाची मागची बाजू त्यांनी रॉकेलनं पुसून लख्ख कोरडी केली. "तुझी तोंडाला लावायची पावडर आण," त्यांनी भाभींना सांगितलं. भाभी "आता हे बी माझ्याच डब्यातलं का?" म्हणत घेऊन आल्या. ती पावडर त्यांनी हातानं पोचेल तिथं सगळीकडे भुरभुरवली, रेडिएटर भरला आणि गाडी चालू करून ठेवली. मग आम्ही तिघं बॅटरीच्या उजेडात वाकून बघत बसलो. इंजिन तापलं. पांढऱ्या पावडरीत एक लाल रेघ उमटली, केसाएवढी, आणि हळूहळू खाली आली. रेघेच्या वरच्या टोकाला, इंजिनाच्या पाठीत, पेढ्याएवढं एक लोखंडी टोपण होतं. त्याच्या कडेला लाल खपली धरली होती.

"सापडलं," दिलावरभाऊ म्हणाले. "टोपण सडलंय, इंजिन नाय. हे साधं टोपण हो वहिनी. मागनं हात जात नाय, गिअरबॉक्स उतरवायला लागतो, म्हणून कटाळा केला त्यानं. एका दिवसाचं काम. गाडी अजून लई चालंल."

गाडी वाचली. मी खोडदलाच राहणार. खरं तर मला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. पण पोटातून वर आला तो राग. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काही वर आलं, आणि तो राग होता.

"चोर मेला," मी म्हटलं. नवऱ्याला मी आयुष्यात कधी अरेतुरे केलं नव्हतं. "एका दिवसाचं काम. एक दिवस गाडी उभी केली आसती तर काय आभाळ कोसळणार व्हतं? गाडीला हळद आन् सोताला ओवा! दोन्ही माझ्याच डब्यातलं. गळतंय ते उघडून बघायचं न्हाई, नुसतं बुजवायचं. आन् मी बी येडी, मागितला की बरणी नेऊन द्यायची."

दिलावरभाऊंनी वळून गाडी बंद केली. हसीनाभाभींनी ताट बाजूला ठेवलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. माझे डोळे कोरडेच होते. मग मी खाली बसले आणि सगळं ताट जेवले. चवीनं जेवले, हे नंतर लक्षात आलं.

काम दुसऱ्या दिवशीपर्यंत चाललं. मी भाभींकडेच राहिले आणि आदेशला फोन करून सांगितलं की भंगारवाल्याला येऊ नको म्हणावं, आणि तूच ये. दिलावरभाऊंनी नवं टोपण ठोकलं आणि मग आतली हळद धुवायला घेतली. पाणी भरायचं, गाडी तापवायची, सोडून द्यायचं. आधी लाल आलं, मग पिवळं, मग फिकं. मी स्टुलावर बसून बघत होते. मालकांच्या हातचं गाडीत जे काही राहिलं होतं ते बादल्याबादल्यांनी निघून चाललं होतं. थांबा म्हणावंसं एकदा वाटलं. म्हटलं नाही.

"आता कुलंट कोणतं भरू?" दिलावरभाऊंनी विचारलं. "गुलाबी जास्त दिवस टिकतं म्हणत्यात, पण ते नव्या गाड्यांना. ही जुन्या लोखंडाची, हिला हिरवंच बरं. निम्मं ते आन् निम्मं बॅटरीत घालतात ते पाणी. बोअरचा एक थेंब नाय, क्षार धरतो. आन् एकदा हिरवं तर हिरवंच, त्यात दुसरं मिसळायचं नाय."

"हिरवंच भरा."

ते भरताना थांबले आणि हळूच म्हणाले, "चिमूटभर हळद टाकू का, रखमाजीच्या नावानं?"

"नको," मी म्हटलं. "आता गळलं तर गळू द्या. पण दिसू द्या."

संध्याकाळच्या आत घरी पोचले. काटा निम्म्यावरून हलला नाही. अंगणात आदेश उभा होता. मी काही सांगायच्या आत त्यानं गाडीखाली एक पुठ्ठा सरकवला. इंजिनियर आहे, त्याचा आईच्या बोलण्यावर विश्वास नाही, पुठ्ठ्यावर आहे. सकाळी मी उठायच्या आधीच तो गाडीखाली झोपून बघत होता.

"आई, कोरडा हाय," तो खालूनच ओरडला. मग बाहेर आला, कपडे झटकले आणि म्हणाला, "मंग तू काय येत न्हाईस."

"दर रविवारी तूच ये. अन् कामावर फोन कर, आज दुपारी जा. जेवून जा."

रस्त्यावरून अंबाबाईनं हाक मारली, मी तिला हातानं थांब म्हटलं आणि वरणाला फोडणी द्यायला आत गेले. तेल तापलं, मोहरी टाकली, आणि मिसळणाचा डबा उघडला.

हळदीची वाटी काठोकाठ भरलेली होती. जुन्नरला निघताना मी भरली होती तशीच, वरून सपाट, कुणाची मूठ न पडलेली. आता ही हळद पुरणार होती. यंदा पुरणार, पुढच्या वर्षीही पुरणार, आणि मी कुणावर डोळा ठेवायचा?

मोहरी जळाली. धूर बघून आदेश धावत आत आला. "आई, काय झालं?"

मी वाटी त्याच्यापुढे धरली. "हळद उरली रे," एवढंच मला म्हणता आलं, आणि मग मी मोठ्यानं रडले.